तोमोनोउराला जाताना ओहोटीची वेळ आधी बघा

हिरोशिमा प्रांतातल्या तोमोनोउरा बंदराचं वैभव बरंचसं पाण्याखाली असतं. सेतो अंतर्गत समुद्रात भरतीचं पाणी पूर्व आणि पश्चिम अशा दोन्हीकडून आत शिरतं आणि इथे जवळच भेटतं. ओहोटीला ते पुन्हा दोन दिशांना पांगतं. शिडाची जहाजं भरतीबरोबर आत येत, इथे थांबत आणि ओहोटी लागली की पुढच्या वाटेला लागत. म्हणून हे गाव वाढलं.

धक्क्याच्या दगडी पायऱ्यांना ‘गांगी’ म्हणतात. पाणी कितीही चढो-उतरो, कुठल्यातरी पायरीशी माल उतरवता यावा ही त्यामागची युक्ती. ऐन भरतीला वरच्या मोजक्याच पायऱ्या दिसतात आणि लोक फोटो काढून परततात. जपानी हवामान खात्याचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून ओहोटीच्या तासभर आधी पोचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत खाली जातं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी जोराच्या भरती-ओहोटीला, फरक फारसा जाणवत नाही. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, गुळगुळीत तळव्याचे बूट टाळा. तिथेच १८५९ चा दगडी दीपस्तंभ आहे, त्याचा पाण्यातला पायाही तेव्हाच दिसतो.

फुकुयामा स्टेशनवरून बसने साधारण अर्धा तास लागतो. सगळ्या शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) गाड्या फुकुयामाला थांबत नाहीत, तिकीट काढतानाच बघून घ्या. फुकुझेन्जी मंदिराचं ताइचोरो दालन मात्र ओहोटीची वाट न बघता आधी उरका, ते संध्याकाळी बंद होतं.