जुना मोबाइल-लॅपटॉप ऑनलाइन विकताय? या चुका टाळा

जुन्या वस्तूच्या बाजारात फसायचं ते घेणाऱ्याने, असा आपला समज असतो. फोन बंद निघाला, बॅटरी फुगलेली निघाली तर डोक्याला हात लावणार तो. विकणाऱ्याने पैसे घ्यायचे आणि सुटायचं. ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर जाहिरात टाकली की हा समज फार टिकत नाही. वस्तू न बघता, घासाघीस न करता, सांगाल त्या किमतीला तयार असलेली गिऱ्हाइकं लगेच येतात. ३० हजारांच्या फोनची बॅटरी हेल्थ जो विचारत नाही, बिल-बॉक्स आहे का हेही विचारत नाही, त्याला फोन नकोच असतो.

वस्तू हातातून सोडण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं मिळायला हवीत. पैसे खरोखर आले का? आणि ते कोणाचे आहेत? पहिल्याबाबत लोक आता बरेच सावध झालेत. दुसरा फारसा कोणी विचारत नाही.

पैसे घेण्यासाठी पिन टाकणं

यूपीआयमध्ये पैसे येताना पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, कुठलीही लिंक उघडावी लागत नाही. तुमचा यूपीआय आयडी किंवा तुमचा क्यूआर समोरच्याला दिला की तुमचं काम संपलं. तरीही 'मी कोड पाठवतो, स्कॅन केला की तुमच्या खात्यात जमा होतील' हे वाक्य अजून चालतं, कारण त्याआधी विश्वास कमावलेला असतो. बऱ्याचदा हा माणूस स्वतःला लष्करातला किंवा सीआयएसएफचा जवान म्हणवतो, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो, बदली झाल्यामुळे घाईत असल्याचं सांगतो. मग ५ रुपयांचा कोड येतो आणि तो स्कॅन केल्यावर खरंच १० रुपये येतात. ते त्याने दुसऱ्या हाताने पाठवलेले असतात. पुढचा कोड पूर्ण रकमेचा असतो आणि त्यानंतर परत काही येत नाही.

एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयवर 'पैसे द्या' अशी कलेक्ट रिक्वेस्ट पाठवण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. त्यामुळे ती एक वाट बुजली. पण व्यापारी खात्यांच्या काही रिक्वेस्ट अजून येऊ शकतात आणि क्यूआर तर आहेच. पिनचा रकाना समोर आला म्हणजे तुम्ही बहुधा पैसे देताय किंवा शिल्लक तपासताय; पैसे घेत नाही, एवढं नक्की.

स्क्रीनशॉट आणि मेसेजवर विसंबणं

हिरवी टिक, आवाज, नाव, रक्कम, व्यवहार क्रमांक असं सगळं हुबेहूब दाखवणारी बनावट पेमेंट अॅप आहेत. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या फोनची स्क्रीन हा पुरावाच नाही. एसएमएसचंही तेच. बँकेचा असा मेसेज अक्षरी हेडरवरून, म्हणजे नंबराच्या जागी दिसणाऱ्या नावावरून येतो आणि त्या नावाच्या शेवटी -टी किंवा -एस असतं. १० आकडी मोबाइल नंबरवरून आलेला 'क्रेडिटेड' मेसेज बँकेचा नसतो. याच खोट्या मेसेजचा पुढचा अंक असा: ५,००० ऐवजी ५०,००० जमा झाल्याचा मेसेज येतो, पाठोपाठ घाबऱ्या आवाजात फोन. 'चुकून एक शून्य जास्त पडलं हो, आईच्या ऑपरेशनचे पैसे आहेत, ४५,००० परत पाठवा.' मेसेज न बघता स्वतःच्या बँकेचं अॅप उघडायचं आणि खात्याचा उतारा बघायचा.

'सर्व्हर डाउन आहे, माझ्या खात्यातून कटले, तुमच्याकडे येतील' यावर वाद घालू नका. यूपीआयमध्ये एकाच्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत जायला हवी. म्हणजे गिऱ्हाईक खरं बोलत असेल तरी त्याचं नुकसान नाही. पैसे आले की फोन न्या, एवढंच सांगायचं.

एनईएफटीमध्ये थोडं थांबावं लागतं. ती अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खेपांनी चालते, जमा व्हायला कधी दोन तासही लागतात. शिवाय पुढच्या तारखेचं ट्रान्सफर लावून त्याची पावती दाखवता येते आणि घरी जाऊन ते रद्दही करता येतं. चेकची स्लिप तर बघूच नका. चेक वटेपर्यंत तो कागदच आहे.

'किमतीचं काही बोलू नका' हे ऐकून घेणं

हा डाव ज्यांना माहीत नाही ते शंभर टक्के सावध असूनही अडकतात, म्हणून जरा सावकाश समजून घ्या.

तुम्ही ३० हजारांना फोन विकायला काढलाय. भामटा तुमच्या जाहिरातीतले फोटो उचलतो आणि स्वतःच्या नावाने तोच फोन २२ हजारांना टाकतो. स्वस्त बघून खरंखुरं गिऱ्हाईक त्याला गाठतं. तो त्याला तुमचा पत्ता देतो: 'मी बाहेरगावी आहे, माझा मेहुणा फोन दाखवेल. आमचा आपसातला हिशोब आहे, त्याच्यासमोर किंमत काढू नका.' तुम्हाला फोन करून सांगतो: 'माझा भाचा येतोय बघायला. पैसे मी पाठवणार, त्याला किंमत कळू देऊ नका, सरप्राइज आहे.' भाचा येतो, फोन बघतो, त्याला पसंत पडतो. तो २२ हजार भामट्याला पाठवतो. तुम्हाला ३० हजारांचा बनावट स्क्रीनशॉट येतो. आता समोरासमोर दोन प्रामाणिक माणसं उभी आहेत. एक म्हणतो पैसे दिले, दुसरा म्हणतो मिळाले नाहीत, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा चोर आहे. हाणामारीपर्यंत प्रकरण जातं. भामट्याचा नंबर तोवर बंद झालेला असतो.

इथे भामट्याचा सगळा डोलारा तुमच्या मौनावर उभा असतो. दारात आलेल्या माणसाला पहिलं वाक्य हेच म्हणायचं: 'मी हा फोन तीस हजारांना विकतोय, पैसे तुम्ही देणार ना, आणि तुम्हाला माझा नंबर कोणी दिला?' जाहिरातीच्या फोटोंवर तुमचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवली तर फोटो उचलणंही जड जातं. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) किंवा सिरियल नंबर फोटोत दिसू देऊ नका. बॉक्सच्या बाजूच्या स्टिकरवर तो असतो, हे लोक विसरतात.

भलत्याच्या खात्यातून आलेले पैसे घेणं

पैसे खरंच आले, खात्यात दिसले, फोन दिला. आठ दिवसांनी एटीएम चालत नाही. बँकेत गेल्यावर कळतं की परराज्यातल्या कुठल्याशा सायबर पोलीस ठाण्याच्या सांगण्यावरून रकमेवर लीन लागलाय, म्हणजे ती अडवून ठेवलीय, किंवा अख्खं खातंच गोठवलंय. तुमच्या फोनचे पैसे दुसऱ्या कोणाला तरी लुबाडून आलेले असतात. त्या माणसाने तक्रार केली की पैसा ज्या ज्या खात्यात गेला तिथे तिथे होल्ड लागतो. भामट्याला मात्र चोरीचे पैसे देऊन विकता येण्याजोगा फोन मिळालेला असतो, आणि साखळीतलं शेवटचं खातं तुमचं.

म्हणून आधी समोरच्याला १ रुपया पाठवायला सांगा आणि उताऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव काय येतं ते बघा. ते त्याच्या ओळखपत्राशी जुळलं पाहिजे. 'वहिनीच्या खात्यातून करतो', 'मित्र पाठवतोय', 'कंपनीचं खातं आहे' ही कारणं खरीही असू शकतात, पण ती खरी की खोटी हे तुम्हाला दारात उभं राहून कळणार नाही. अशा वेळी रोख मागा. बँकेच्या कॅश डिपॉझिट मशीनपाशीच भेटलात तर आणखी बरं: गिऱ्हाइकासमोर नोटा स्वतःच्या खात्यात भरायच्या, मशीन खोटी नोट सहसा घेत नाही.

दुसरी खबरदारी अशी की विक्रीचे पैसे पगाराच्या आणि हप्त्याच्या खात्यात घेऊ नका. दुसऱ्या बँकेतल्या बचत खात्याला वेगळा यूपीआय आयडी करा. त्यात मोबाइल नंबर नको. होल्ड लागलाच तर घराचा हप्ता तरी बाउन्स होणार नाही.

भेटताना

घरी बोलावू नका आणि रस्त्याच्या कडेलाही नको. कॅमेरे आणि माणसं असलेली जागा हवी: बँकेची शाखा, मॉलमधलं फूड कोर्ट, ओळखीचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दुकान सगळ्यात सोयीचं, कारण चार्जर, सिम, वायफाय सगळं तिथेच असतं. फोन तपासताना तो टेबलावर राहू द्या. 'बाहेर उजेडात कॅमेरा बघतो' म्हणत दुचाकीपर्यंत जाणारे असतात. अदलाबदलही होते: तसंच कव्हर घातलेला मेलेला फोन परत हातात ठेवतात आणि 'नको, जमत नाही' म्हणून निघून जातात. परत घेताना *#०६# दाबून आयएमईआयचे शेवटचे चार आकडे बघायचे.

लॅपटॉप तपासायला 'एक दिवस ठेवून घेतो' याला साफ नकार द्या. बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम आणि एसएसडी बदलायला स्क्रू ड्रायव्हर आणि दहा मिनिटं पुरतात. मागच्या एका स्क्रूवर मार्करची किंवा नेलपॉलिशची खूण करून तिचा फोटो काढून ठेवा. कॅमेऱ्याच्या लेन्सचा सिरियल नंबरही असाच टिपून ठेवायचा.

कुरिअरने पाठवणं

शक्यतो पाठवूच नका. 'पैसे आमच्याकडे होल्डवर आहेत, ट्रॅकिंग नंबर टाकला की सुटतील' असा मेल कुठल्याही मोठ्या कंपनीच्या नावाने आला तरी तो खोटा समजा. यूपीआय किंवा आयएमपीएसमध्ये ट्रॅकिंग नंबरवर अडून राहणारं पेमेंट नसतं. पिकअपसाठी एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून येणारं अॅप) टाकायला सांगणं, एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं अॅप घ्यायला लावणं, *२१* किंवा *४०१* ने सुरू होणारा कोड डायल करायला लावणं, हे सगळं तुमचा ओटीपी पळवण्यासाठी असतं. या कोडने तुमचे कॉल त्याच्या नंबरवर वळतात. चुकून दाबला गेला असेल तर ##००२# डायल करून सगळं फॉरवर्डिंग रद्द करा.

नाइलाजाने पाठवलंच तर पूर्ण रक्कम खात्यात आल्यावर, आणि पॅकिंगचा न कापलेला एकसलग व्हिडिओ काढून. त्यात चालू स्क्रीनवरचा आयएमईआय, बंद होणारा खोका, वजनकाट्यावरचा आकडा आणि कुरिअरची चिठ्ठी एकामागोमाग दिसायला हवी. खोक्यातून साबण निघाला म्हणणाऱ्याला हेच एक उत्तर असतं.

खाती न काढता रीसेट करणं

आधी गूगल खातं, सॅमसंग खातं किंवा अॅपल खातं साइन आउट करा, आयफोनमध्ये 'फाइंड माय' बंद करा, ई-सिम काढा, मग फॅक्टरी रीसेट. क्रम चुकला तर नव्या मालकाला फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत राहतो. मग तो तुम्हाला फोन करून पासवर्ड किंवा ओटीपी मागतो, कधी खऱ्या अडचणीने, कधी त्या निमित्ताने. दोन्ही वेळा उत्तर 'नाही' हेच. आयफोन आयक्लाउडच्या वेबसाइटवरून स्वतः खात्यातून काढून टाकता येतो, पासवर्ड दुसऱ्याला द्यावा लागत नाही.

गडबड झालीच तर

पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन, मग बँकेला, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. सोबत यूटीआर, म्हणजे यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक हवा. पहिल्या काही तासांत पैसा पुढच्या खात्यांत अडवता येतो. एकदा एटीएममधून निघाला की नाही. पिन तुम्हीच टाकला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान बहुतेकदा तुमच्याच खात्यावर पडतं, म्हणून लाजेने रात्र घालवू नका. बँकेचा हेल्पलाइन नंबर गूगलवर शोधू नका, डेबिट कार्डाच्या मागे तो छापलेला असतो.

खातं गोठलं असेल तर शाखेतून तीन गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा पोचपावती क्रमांक, पोलीस ठाणं आणि तपास अधिकाऱ्याचा संपर्क, आणि वादातली नेमकी रक्कम. मग त्या अधिकाऱ्याला ईमेलने अर्ज: फोन विकल्याचे पैसे आहेत, ही कागदपत्रं, होल्ड वादातल्या रकमेपुरताच ठेवावा. बँकेलाही त्याची प्रत.

कागदपत्रं म्हणजे विक्रीची पावती. तारीख, वेळ, मॉडेल, दोन्ही आयएमईआय, रक्कम, यूटीआर, घेणाऱ्याचं नाव, मोबाइल नंबर, ओळखपत्राची प्रत, 'तपासून घेतला' हे शब्द आणि दोघांच्या सह्या. ५ हजारांवरच्या पावतीला १ रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावायचं असतं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि सौद्याचं चॅटही जोडा. हे चॅट आधीच दुसरीकडे काढून ठेवावं लागतं. ते बहुतेकदा विकायच्या फोनमध्येच असतं, आणि रीसेट करताना पुरावाही त्याच्याबरोबर पुसला जातो. व्हॉट्सअॅपमध्ये चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा, मग रीसेटचं बटण दाबा.