कॅपिंग थांबवायचंय? आधी ऑपरेटरचं ऐका

वाळूजच्या एमआयडीसीत औषधाच्या गोळ्यांच्या कम्प्रेशन विभागात, म्हणजे माल दाबून गोळी बनवतात तिथे, माझी सगळी नोकरी झाली. नवे शिफ्ट इन्चार्ज विचारतात, "सर, इनोव्हेशन म्हणजे आम्ही नेमकं करायचं काय?" मीटिंगच्या स्लाइडवरचा तो शब्द जरा बाजूला ठेवा. कॅपिंगपासून, म्हणजे गोळीचा वरचा थर टोपीसारखा सुटण्यापासून, सुरुवात करा.

गोळीची टोपी उडायला लागली आणि ऑपरेटर म्हणाला, "साहेब, आजचा माल कोरडा वाटतोय," तर त्याला गप्प बसवू नका. मशीन थांबवा, टरेट (मशीनची फिरती चकती) हाताने एक फेरी फिरवा आणि गोळ्या स्टेशनच्या (चकतीवरच्या पंच-डायच्या एकेका जोडीच्या) क्रमाने ओळीत मांडा. ठरावीक स्टेशनचीच गोळी तुटत असेल तर पंच (दाबणारा दांडा) किंवा डाय (गोळीचा साचा) तपासायला पाठवा. सगळीकडेच तुटत असेल तर ग्रॅन्युल्स (गोळीसाठी तयार केलेला दाणेदार माल) बघा: ओलावा कमी आहे का, बारीक भुकटी जास्त आहे का. वेगही बघा. टरेट फार जोरात फिरला की अडकलेली हवा बाहेर पडायला वेळच मिळत नाही.

एलओडी (मालातला ओलावा), आरपीएम (टरेटचा वेग), प्री-कम्प्रेशन (मुख्य दाबाआधीचा हलका दाब), खोलीची आर्द्रता, सगळं त्याच वेळी लिहा. चुकलं तर एक रेघ, सही, तारीख. शिफ्ट संपल्यावर आठवून भरलेला बीएमआर (बॅचच्या उत्पादनाची नोंद) काही कामाचा नाही.

"दाब वाढवून बघू" ही सगळ्यांची पहिली उडी. तिने कॅपिंग बऱ्याचदा वाढतंच. समजा फ्रायबिलिटी (चाचणीत गोळीची होणारी झीज) १ टक्क्याच्या आत आली, तरी डिझोल्यूशन (विरघळणं) बिघडू शकतं. डब्यात शाबूत राहणारी पण पोटात न विरघळणारी गोळी रुग्णाच्या काय उपयोगाची? त्यापेक्षा वेग उतरवा, प्री-कम्प्रेशन थोडं वाढवा, पण बीएमआरमध्ये मंजूर असलेल्या मर्यादेतच. मर्यादेबाहेर जायचं असेल तर चालू बॅचवर हात लावायचा नाही. आधी चेंज कंट्रोल (बदलाचा लेखी प्रस्ताव), जोखमीचा अभ्यास, क्यूएची (गुणवत्ता विभागाची) मंजुरी, मग ट्रायल. बाइंडरचं (माल बांधून ठेवणाऱ्या घटकाचं) प्रमाण बदलायचं म्हटलं की प्रकरण लांबतं: ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिन्यांची स्टॅबिलिटी (गोळी टिकते का याची चाचणी), शिवाय नोंदणीची कागदपत्रं. म्हणून मशीनच्या सेटिंगने सुटणारा प्रश्न आधी तिथेच सोडवा.

चेंज कंट्रोलच्या फॉर्मवर कल्पना ज्याची, त्याचं नाव घाला. आपल्याकडे ते हमखास मॅनेजरचं असतं, आणि मग पुढच्या वेळी ऑपरेटर तोंड उघडत नाही. क्यूएच्या बैठकीलाही त्याला बसवा. इंग्रजी येत नसेल तर मराठीत बोलू द्या, मुद्दे तुम्ही लिहून घ्या.

मंजुरी मिळाली की तिन्ही शिफ्टना ट्रेनिंग द्या. रात्रपाळीचं तर स्वतः जाऊन द्या, कारण गाडी परत जुन्या सेटिंगवर जाते ती तिथेच. आणि चेंज कंट्रोल बंद करायची घाई नको: पावसाळ्यात पास झालेलं सेटिंग डिसेंबरच्या कोरड्या हवेतल्या बॅचवरही तपासून घ्या.