बायोचार करताय? निदान या चुका टाळा

पऱ्हाट्या पेटवायच्या, उरलेलं काळं रानात फेकायचं, झाला बायोचार! असं समजणारे दर उन्हाळ्यात भेटतात. बायोचार म्हणजे काडीकचरा कमी हवेत जाळून केलेला, मातीत घालायचा कोळसा.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे कोरा कोळसा थेट मातीत घालणं. कोळसा खत नव्हे. त्याची बारीक छिद्रं पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवतात, पण ती आधी भरावी लागतात. रिकामा घातला तर मातीतलं नत्र तोच धरून बसतो. आमच्याकडच्या एका पोरानं व्हिडिओ बघून मुरमाड रानात ट्रॉलीभर ताजा कोळसा पसरला आणि लगेच मका पेरला. गुडघ्याला लागायच्या आत मका पिवळा. युरिया दिला तेव्हा कुठे सावरला. "भिजत घातला होतास का?" विचारलं, तर म्हणे, "काका, महिनाभर थांबायचं कुणी?" वर गावभर सांगत सुटला, कोळशात काही दम नाही. मी निम्मा कोळसा, निम्मं शेणखत मिसळतो, शेणकाला आणि गोमूत्र ओततो, सावलीत महिनाभर ओला ठेवतो. घाई असेल त्यानं या भानगडीत पडूच नये.

दुसरी चूक राखेची, म्हणजे कोळशाऐवजी सगळी राख करून टाकायची. खड्डा वर रुंद, खाली निमुळता घ्या. थोड्या काड्या पेटवा. वरच्या थरावर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर टाका. ज्वाळा वर राहिली की खालच्या कोळशाला हवा मिळत नाही. शेवटी भरपूर पाणी मारा. पाणी नसेल तर मातीनं गच्च झाका, पूर्ण थंड होईपर्यंत उकरू नका. "आपोआप विझेल" म्हणून घरी गेलात तर सकाळी राखच भरायची.

ॲमेझॉनच्या जंगलातल्या, कोळशानं सुपीक झालेल्या काळ्या मातीचे दाखले देणाऱ्यांनो, तिथली मूळ जमीन आम्लधर्मी. आपल्या चुनखडीच्या रानाचा सामू (पीएच) आधीच 8 च्या वर, त्यात कोळसाही बहुधा विम्लधर्मी. लोह-जस्ताची कमतरता वाढू शकते. आधी माती तपासा, दोन ओळींत टाकून बघा.

ओल्या काड्या नकोत, नुसता धूर होतो. मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या तर अजिबात नकोत. कोरडी भुकटी वाऱ्यात उधळू नका, छातीत जाते.

आणि पहिल्याच वर्षी अख्ख्या रानाचा हट्ट कशाला? 10 क्विंटल वाळलेल्या पऱ्हाटीचा फार तर अडीच क्विंटल कोळसा पडतो. तेवढा सीताफळाच्या आळ्यांत घाला.