राणीच्या बागेत जाताय? मग भाऊ दाजी लाड म्युझियम असं बघा

राणीच्या बागेत, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयात, पेंग्विन बघायला सगळेच जातात, पण गेटमधून आत शिरल्या शिरल्या जी जुनी खांबांची इमारत दिसते तिथे न थांबता लोक सरळ पिंजऱ्यांकडे वळतात याचं मला खरंच वाईट वाटतं. मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम आहे ते, महापालिकेचं म्हणजे आपलंच, आणि मुंबई बंदर म्हणून कशी वाढली हे एका छपराखाली बघायचं तर ह्याच्यासारखी जागा नाही.

आधी एक महत्त्वाचं. बुधवारी जाऊ नका, म्युझियम बंद असतं आणि बागसुद्धा. मी एकदा शाळेची सुट्टी बघून दोन लहान मुलांना घेऊन बुधवारीच पोचले होते आणि बंद गेटसमोर त्यांची समजूत काढता काढता डोळ्यात पाणी आलं, तेव्हापासून निघायच्या आधी चालू आहे का ते बघतेच बघते. मधे दुरुस्तीसाठी बरेच दिवस बंद पण होतं, त्यामुळे आदल्या दिवशी वेळ आणि तिकीट दोन्ही चेक करा. ट्रेनने येणार असाल तर भायखळ्याला पूर्वेला उतरा, तिथून चालत जाता येतं. शनिवार-रविवारी बागेची गर्दी गेटपासूनच असते तर जमलं तर बुधवार सोडून मधल्या वारी सकाळी या.

आत जायची घाई करू नका, आधी बाहेरचा दगडी हत्ती बघा. हा घारापुरीचा हत्ती, ह्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता, उचलताना क्रेन तुटली आणि हत्ती पडून त्याचे तुकडे झाले, ते तुकडे मुंबईत आणले आणि 1914 मध्ये परत जोडून इथे उभा केला. जवळ जाऊन त्याच्या अंगावरचे सांधे शोधा, मुलांना तर हेच काम द्या, बोटाने हवेतच रेघ काढत कुठून कुठे जोडलंय ते सांगायला लावा. माझ्या भाच्याने पायापासून सुरुवात केली आणि पाठीपर्यंत पोचेपर्यंत त्याने क्रेन कशी तुटली असेल, दोर कुठे बांधला असेल असे इतके प्रश्न विचारले की आत जायला आम्हाला पाऊण तास लागला. लागू दे. बागेतच सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा पण आहे, ज्याच्यामुळे काळा घोडा भागाला ते नाव पडलं तो हाच, 1965 मध्ये तिथून हलवलेला.

आत गेलात की आधी मान वर करा. छत, लोखंडी खांब, त्यांच्यावरचं सोनेरी काम, पायाखालच्या टाइल्स, हे सगळं एके काळी फार वाईट अवस्थेत होतं, 2003 पासून चार-पाच वर्षं काम करून 2008 मध्ये परत उघडलं, आणि त्या कामाला 2005 मध्येच युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. इमारतीची पायाभरणी 1862 ची आणि लोकांसाठी उघडली 2 मे 1872 ला. मधली दहा वर्षं का गेली ते पण बंदराशीच जोडलेलं आहे. अमेरिकेत यादवी सुरू झाली तसा तिथला कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, मग आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसाच पैसा झाला, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं, बांधकामाचा पैसा आटला आणि शेवटी सरकारने हात दिला तेव्हा इमारत पुरी झाली.

आता माझा सल्ला, तळमजल्यावर अडकून पडू नका, जिना चढून आधी वर जा, कारण शहर वरती आहे. जुने नकाशे, बोटींच्या प्रतिकृती आणि मातीच्या छोट्या छोट्या माणसांच्या मूर्ती, वेगवेगळ्या जातीधर्माची, धंद्यांची माणसं. काचेपाशी वाकून मूर्तीच्या डोळ्यांच्या पातळीला या, मग कळतं की पगडीचा पीळ वेगळा, धोतर नेसायची तऱ्हा वेगळी, दागिना वेगळा. बंदरावर कुठून कुठून माणसं येऊन राहिली ते ह्या बोटभर मूर्ती जेवढं सांगतात तेवढं मला पुस्तकातून कधी कळलं नाही. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना इथे बसवून बोलतं करा, कोणतं लुगडं कोण नेसायचं हे पाटीवर नसतं, त्यांना माहीत असतं.

मग सावकाश खाली या. कारागिरीच्या वस्तूंमध्ये बिदरीकाम नक्की बघा, जस्त आणि तांब्याच्या मिश्रणाचं भांडं, त्यावर चांदीची नक्षी ठोकून बसवलेली, आणि काळा रंग येतो तो बिदरच्या किल्ल्यातली माती वापरून. चांदी अजून चमकते ती त्या काळ्यामुळे. बाकी शिल्पं, कुंड्या वगैरे चालता चालता बघितल्या तरी चालतील.

आणि ज्यांचं नाव 1975 मध्ये ह्या जागेला दिलं त्या भाऊ दाजींबद्दल मुलांना दोन शब्द नक्की सांगा. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, जुने शिलालेख वाचायचे, आणि हे म्युझियम व्हावं म्हणून जगन्नाथ शंकरशेटांसारख्या लोकांबरोबर झटले.

फोटोचं काय ते काउंटरवर विचारून घ्या, पण फ्लॅश मारू नका, जुना कागद आणि रंग उजेडाने खराब होतात. दीड-दोन तास हाताशी ठेवा, आणि पेंग्विन मात्र त्यानंतर, कारण मुलं एकदा तिकडे गेली की परत म्युझियमकडे फिरकत नाहीत.