पेटीवादकाने नाट्यपद गायला कसे लागावे

मराठवाड्यातला पेटीवादक बहुधा हरिनाम सप्ताहात घडतो. कीर्तनाला साथ करता करता हात तयार होतो, आणि मुख्य गायक वेळेवर न आल्यामुळे एखाद्या रात्री दोन अभंग स्वतःच म्हणावे लागले की गळ्याची ओढ लागते. अशा वादकाला नाट्यपदाकडे वळायचे असेल, तर पुढील क्रम उपयोगी पडेल.

ही वाट नवी नाही. 1911 साली ‘मानापमान’ नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे नामांकित पेटीवादक होते आणि 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात ते हरिश्चंद्राच्या भूमिकेत गायले. तिकडे इंग्लंडमध्ये कॅथलीन फेरियर ही मूळची पियानोवादक. 1937 साली कार्लाइल येथील स्पर्धेत तिने पियानो आणि गायन या दोन्हींत पहिला क्रमांक मिळवला, आणि 1946 साली ग्लाइंडबोर्न येथे ती संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या ऑपेरात मुख्य भूमिकेत उभी राहिली. मधली नऊ वर्षे घाई करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावीत.

सर्वांत आधी रियाजातून पेटी बाजूला ठेवावी. हे जड जाते, पण यातच खरी मेख आहे. पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) बांधलेला असतो, तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार सुमारे 386 सेंटवर असतो. चौदा सेंटांचा हा फरक वर्षानुवर्षे पेटी वाजवलेल्या कानाला जाणवेनासा होतो. षड्ज आणि पंचम पेटीवर पडताळायला हरकत नाही, गंधार मात्र तंबोऱ्यावरच शोधावा, मोबाइलमधला तंबोरा असला तरी चालेल. यमन रागातला गंधार लांब धरून तो तंबोऱ्यात विरघळेपर्यंत सोडू नये. त्यानंतर भास्करबुवा बखल्यांच्या चालीतले, ‘स्वयंवर’ नाटकातले ‘नाथ हा माझा’ हे यमनातलेच पद घ्यावे.

दुसरी खोड बोटांची. पेटीवाला गाऊ लागला की त्याची बोटे मांडीवर चालत राहतात, आणि गळ्यातून मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर अखंड घसरत जाणे, निघण्याऐवजी एकामागून एक पट्ट्या दाबल्यासारखे तुटक स्वर निघतात. हात मागे बांधून गावे. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली जागा कानाला ऐकू आली पाहिजे. ती पेटीत नाही, म्हणून ती आपण शिकलेलीही नसते.

श्वासाचेही तसेच. वाजवताना भाता डावा हात सांभाळतो, त्यामुळे वादकाला स्वतःच्या दमाचा विचार करण्याची सवय नसते. पद कागदावर लिहून, अर्थ कुठे पुरा होतो ते पाहून तिथेच श्वासाची खूण करावी. शब्दाच्या मधोमध दम संपला तर चाल कितीही सुरेल असली तरी पद पडते.

पट्टी, म्हणजे षड्ज ज्या उंचीवर धरायचा ती, गळ्याला मानवेल तीच निवडावी. सप्ताहात टाळ-मृदंगांच्या गजरावर जाण्यासाठी चढी पट्टी धरली जाते, ती इथे नको. अनेक पुरुषांना काळी एक किंवा दोन (पेटीच्या सप्तकातली पहिली किंवा दुसरी काळी पट्टी), तर अनेक स्त्रियांना काळी चार किंवा पाच सोयीची पडते. मंद्र पंचम आणि तार मध्यम न ओढता लागतात की नाही, एवढे पाहावे.

पुढे उभे राहून गाण्याचा सराव करावा, कारण पेटीवाल्याची मान नकळत पट्ट्यांकडे झुकते आणि नाटकात नजर समोर लागते. चैत्र-वैशाखात इकडची हवा कोरडी असते, तेव्हा पाणी वारंवार प्यावे. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

पहिला कार्यक्रम गावच्या गणेशोत्सवात करावा आणि साथीला दुसरा पेटीवादक घ्यावा. स्वतः वाजवत गायचा मोह होईलच, पण तो टाळावा. त्या साथीदाराला आधीच सांगून ठेवावे की माझा दम भरेपर्यंतची जागा तेवढी भर, मी गाताना मात्र माझ्या पुढे धावू नकोस.