नक्षीदार इंग्लिश बशीच्या तुकड्याचा काळ कसा ओळखावा

उत्खननात इंग्लिश बनावटीच्या बशीचा नक्षीदार तुकडा सापडला, तर नक्षीत गुंतण्यापूर्वी तो पालथा करून बुडाच्या कडेच्या खाचेत साचलेल्या काचलेपाचा रंग दिवसाउजेडी पाहावा. तेथे पिवळसर-हिरवट छटा दिसल्यास ते बहुधा १७६० च्या दशकापासून लोकप्रिय झालेले ‘क्रीमवेअर’, म्हणजे सायीच्या रंगाचे मातीचे भांडे असते. निळसर छटा दिसल्यास ‘पर्लवेअर’, म्हणजे साधारणपणे १७८० ते १८३० या काळातील निळसर-पांढरे भांडे असण्याचा संभव अधिक.

त्यानंतर छपाईचा रंग पाहावा. कोबाल्टचा निळा रंग भट्टीची उष्णता भरवशाने सोसत असल्यामुळे काचलेपाखालील छापील नक्षी १८२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बहुतांशी निळीच असे, आणि तपकिरी, हिरवी, लाल व जांभळी छपाई त्यानंतर रूढ झाली. नवख्याला सर्वांत आधी ओळखू येणारी ‘विलो’ नक्षी (विलोचे झाड असलेला चिनी धाटणीचा निळा देखावा) मात्र कालनिर्णयाला फारशी उपयोगी नाही, कारण अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेले तिचे उत्पादन पुढे कधी थांबलेच नाही.

बुडावर पत्त्यांतील चौकटच्या चिन्हासारखी, आराखड्याच्या नोंदणीची मुद्रा असल्यास तो नशिबाचा भाग समजावा. ही मुद्रा १८४२ ते १८८३ या काळातील असून वर्षाचे अक्षर १८६७ पर्यंत तिच्या वरच्या कोनात, तर १८६८ पासून उजव्या कोनात असते. परंतु त्यावरून आराखड्याच्या नोंदणीची तारीख कळते, भांडे घडल्याची नव्हे. ‘इंग्लंड’ हा देशनिर्देश अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून सर्रास आढळतो.