द्राक्षाच्या सौद्यात पैसे कुठे बुडतात? या चुका टाळा

निफाड, दिंडोरी, चांदवडकडे माल उतरायला लागला की गावात रोज नव्या गाड्या दिसतात. व्यापारी बागेत येतो, मणी चाखतो, गोडी मोजतो आणि भावावर तासभर घासाघीस चालते. पैसे नेमके कोण देणार, हे विचारायचं मात्र चहाच्या नादात राहून जातं. बुडालेल्या बहुतेक सौद्यांचं मूळ तिथेच असतं.

पहिली गाडी रोख, म्हणून माणूस चोख?

लबाड व्यापारी पहिल्या दिवशी बुडवत नाही. पहिली गाडी रोख, दुसरीचे पैसे दोन दिवसांत. गावात नाव झालं की मग 'पुढच्या आठवड्यात टाकतो' सुरू होतं. तोवर शेजारच्या बागाही त्यालाच दिलेल्या असतात. बाजारापेक्षा किलोमागे चार-पाच रुपये जास्त बोलणारा दिसला की मला तरी आधी संशय येतो. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत, त्याचं भाव वाढवायला काय जातं? मागच्या गाडीचे पैसे खात्यात आल्याशिवाय पुढची काढणी नाही, हे आधीच सांगून टाका. आभाळ भरून आलं की हा नियम मोडावासा वाटतो, आणि व्यापाऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं.

चिठ्ठीवर काय नसतं ते बघा

वर 'श्री', खाली क्रेट, वजन, कटती (वजनातली कपात), भाव आणि शेवटी एक गिरगटलेली सही. घेणाऱ्याचं पूर्ण नाव नाही, पत्ता नाही, पैशांची तारीख नाही. उद्या पोलिसांत गेलात तर ही चिठ्ठी कोणाविरुद्ध दाखवणार?

2016 मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला. त्यामुळे बांधावरच्या सौद्याला समितीचा आधार धरता येत नाही, कागद आपणच करायचा. त्यावर नाव, पत्ता, भाव आणि पैसे देण्याची तारीख हवी. सोबत आधार-पॅनची प्रत, गाडीचा नंबर आणि भुईकाट्याची पावती ठेवा. पॅनवरचं आणि बँक खात्याचं नाव एकच आहे का, तेही पाहा. जीएसटी नंबर नाही म्हणून कोणी लबाड ठरत नाही, कारण ताज्या द्राक्षांवर जीएसटीच नाही. पण चकचकीत कार्डावर नंबर छापलाय म्हणून कोणी सज्जनही ठरत नाही.

अर्धा प्लॉट काढून झाला की 'मार्केट पडलं' म्हणत भाव तोडणारेही असतात. म्हणून 'पूर्ण प्लॉट उचलेपर्यंत हाच भाव' ही ओळ कागदावर घालाच.

'मी आहे ना, भाऊ'

बाहेरच्या व्यापाऱ्याला गावातलाच कोणीतरी घेऊन येतो. आपण भरवसा ठेवतो तो त्याच्यावर. मग त्यालाच जामीनदार म्हणून सही करायला सांगा. 1872 च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. सही मागितल्यावर तो कसा मागे सरकतो, यावरूनच बरंच कळतं.

चेक परत आला, आता?

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. व्यापारी म्हणतो, 'थांबा, सोमवारी भरतो', आणि चेक न वटल्याचा बँकेचा मेमो कपाटात पडून राहतो. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या, म्हणजे चेकबाबतच्या कायद्याच्या, कलम 138 खाली मेमो हातात आल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला 15 दिवस असतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. नोटिशीची मुदत हुकली तरी चेक पुन्हा भरता येतो, पण चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आतच. तारखेची जागा कोरी ठेवलेला चेक मात्र हातात घेऊच नका.

पोलिसांत जायला लाजू नका. 2020 मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांच्या बुडीत पैशांची प्रकरणं हाती घेतली, तेव्हा काही व्यापाऱ्यांनी पैसे परतही केले. एकाच व्यापाऱ्याने फसवलेल्यांनी आपापले कागद घेऊन मिळून जावं.

तक्रारीची बातमी पसरली की 'तुमचे पैसे काढून देतो, आधी थोडी फी पाठवा' असे फोन येऊ शकतात. अशा माणसाला एक रुपयाही पाठवू नका. पाठवलाच असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.